दिसत नाही ती तार, दिसते ते बिल

दाताचा डॉक्टर नसलेल्या माणसाने दातांवर कशाला लिहावे, असे माझे दंतवैद्य मित्र विचारतील. त्यांना उत्तर एवढेच की, आपल्याकडचा माणूस दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्या डॉक्टरला विचारून जातो. गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न माझ्या दवाखान्यात वरचेवर येऊ लागला आहे. आई रक्तदाब तपासायला आलेली असते, बरोबर कॉलेजात जाणारी मुलगी असते. आईचे झाले की मुलगी हळूच मोबाईल पुढे करते. त्यात एक हसरी तरुणी, दातांना तार नाही की काही नाही. खाली महिन्याचा हप्ता ठळक अक्षरांत. एकूण रक्कम मात्र शोधूनही सापडत नाही. मग मुलगी विचारते, 'डॉक्टर काका, हे घ्यावं का?'

या 'घ्यावं का' मध्येच सगळी मेख आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन 'घ्यावं का' असे कोणी विचारत नाही. क्लिअर अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे पारदर्शक साचे, हा उपचार आहे. पण तो फ्रीज किंवा गाडी विकावी तसा विकला जातो. साहजिकच लोक भाव विचारतात. भाव विचारायलाच हवा, फक्त तो कशाचा विचारतो आहोत हे ठाऊक हवे.

आधी वस्तू समजून घेऊ. अलाइनर म्हणजे दातांवर घट्ट बसणारे, काचेसारखे दिसणारे पातळ प्लॅस्टिकचे टोपण. दातांची आजची ठेवण आणि टोपणाचा आकार यांत अगदी थोडा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. त्यामुळे टोपण घातले की दातावर दाब येतो व तो तसूभर सरकतो. तसूभर म्हणजे किती, तर एका साच्यामागे जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा, मग त्यापुढचा. साध्या केसला दहा ते वीस साच्यांत काम होते, अवघड असेल तर चाळीसच्याही वर जातात. दिवसातून २० ते २२ तास साचा तोंडात पाहिजे. जेवताना व दात घासताना काढायचा, बाकी सारा वेळ आत.

दात हलतो तरी कसा? दात हाडात सिमेंटने पक्का केलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक बारीक थर असतो. दात ज्या बाजूला दाबला जातो त्या बाजूचे हाड हळूहळू झिजते आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवे हाड भरते. तारेच्या उपचारातही नेमके हेच घडते. दाब स्टीलच्या तारेचा आहे की महागड्या प्लॅस्टिकचा, हे हाडाला कळत नाही. किमतीचा विचार करताना हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कल्पना तशी जुनी आहे. केसलिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ च्या सुमारास रबरी साच्याने दात थोडे थोडे सरकवता येतील असे मांडले होते. पण दर टप्प्याला हाताने नवा साचा करणे कोणाला परवडणार? संगणक आल्यावर ते जमले. १९९७ साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती व केल्सी वर्थ यांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. दोघेही दंतवैद्य नव्हते, व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी होते. चिश्तींनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. नंतर दिलेला रिटेनर काही दिवस घातला नाही की दात थोडे सरकतात आणि पुन्हा घातला की जागेवर येतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातून 'इन्व्हिजलाइन' जन्माला आले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. २०१७ पासून मूळ पेटंटांची मुदत संपू लागली आणि इतर कंपन्याही या धंद्यात उतरल्या. त्यांत भारतीयही आहेत. जाहिरातींचा पूर आला तो त्यानंतर.

आता आकड्यांकडे वळू. आपल्याकडे खासगी दवाखान्यात साध्या धातूच्या तारेच्या उपचाराला सर्वसाधारणपणे २५ ते ६० हजार रुपये लागतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रेसेसना त्याहून काही हजार जास्त. अलाइनर साधारण ५०-६० हजारांपासून सुरू होतात आणि परदेशी नावाचे असतील, केस अवघड असेल, तर तीन लाख किंवा त्यापुढेही जातात. शहर, डॉक्टर आणि केस यांप्रमाणे यात फरक पडतो, पण आवाका हा असा आहे.

'पण डॉक्टर, प्लॅस्टिकच तर आहे, एवढे पैसे कशाचे?' हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारला होता. प्लॅस्टिकची पातळ पट्टी फार महाग नसते, हे खरेच. पण वीस टप्पे धरले तर वरच्या व खालच्या जबड्याचे मिळून चाळीस साचे होतात. प्रत्येक साच्यासाठी दातांचा वेगळा नमुना छापावा लागतो, त्यावर पट्टी तापवून बसवावी लागते, कडा कापून घासाव्या लागतात. त्याआधी तोंडाचे स्कॅनिंग आणि कोणता दात कधी किती हलवायचा याचा संगणकावर आराखडा. हे सारे कंपनी दंतवैद्याला बिलात लावते. त्यावर दंतवैद्याची फी. आणि ज्या जाहिराती आपण फुकट बघतो त्यांचेही पैसे त्यातच असतात. ते कोणी वेगळे दाखवत नाही.

यात माझ्या मते खरी मोलाची गोष्ट एकच: आराखडा पारखणारा आणि तोंडात पाहून तो बदलणारा माणूस. संगणकाच्या पडद्यावर दात शिस्तीत सरकतात. तोंडात तसे होत नाही. एखादा सुळा फिरायला तयार नसतो, एखादा दात मागे राहतो, साचा त्यावर नीट बसेनासा होतो. अशा वेळी पुन्हा माप घेऊन नवे साचे करावे लागतात. अलाइनरच्या उपचारात हे अपवादाने होते असे नाही, बऱ्याच जणांना ते लागते. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की अशा जादा साच्यांचे पैसे सांगितलेल्या रकमेत आहेत की वेगळे. दुसरा, उपचार संपल्यावर लागणारे रिटेनर त्यात आहेत का. दात सरळ झाले म्हणजे तिथेच राहतील असे नाही. ते जुन्या जागी जायला टपलेले असतात. रिटेनर वर्षानुवर्षे रात्री घालावे लागतात, झिजतात, तुटतात, नवे करावे लागतात. हा खर्च तारेच्या उपचारालाही आहे, पण दोन्हीकडे तो बोलण्यात सगळ्यात शेवटी येतो.

आणखीही काही गोष्टी आधी सांगितल्या जात नाहीत. पकड मिळावी म्हणून बऱ्याच दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. म्हणजे 'अजिबात दिसत नाही' हे अर्धेच खरे. जागा करण्यासाठी कधी दोन दातांच्या मधले कवच किंचित घासतात. योग्य हातांनी केले तर त्यात भिण्यासारखे काही नाही, पण खुर्चीवर आडवे झाल्यावर ते पहिल्यांदा कळू नये.

मग अलाइनर वाईट आहेत का? मुळीच नाही. दातांची थोडीशी दाटी किंवा बारीक फटी असलेला, कामाच्या निमित्ताने दिवसभर लोकांसमोर उभा राहणारा, शिस्तीचा प्रौढ माणूस असेल आणि पैसे शिलकीतून जाणार असतील, तर त्याने जरूर करावे. काढून दात घासता येतात, त्यामुळे स्वच्छता सोपी. ओठ-गाल सोलत नाहीत; बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला याचे मोल विचारा. पण दात फार पुढे असतील, दाढा काढून मोठी जागा मिटवायची असेल, वळलेले सुळे फिरवायचे असतील, तर तार पुष्कळदा अधिक भरवशाची ठरते, आणि ती स्वस्तही असते. शिवाय तार पेशंटच्या मर्जीवर चालत नाही. चौदा वर्षांचा मुलगा रोज बावीस तास टोपण घालील असे ज्या आईबापांना वाटते, त्यांचा मुलावरचा विश्वास थोर आहे.

गेल्या हिवाळ्यात मोसंबीची बाग असलेले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. पोरीचे वय एकोणीस. वरचे दात पुढे, खालच्यांची दाटी. एका ठिकाणी १ लाख ६० हजार सांगितले होते आणि कर्जाचा कागद तिथेच भरून तयार होता. 'डॉक्टरसाहेब, दोन स्थळं दातावरून परत गेली. बाग मोडली तरी चालंल, पण पोरीचं व्हायला पाहिजे,' ते म्हणाले. पोरगी खाली मान घालून बसलेली. हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जात होता, तो मी आल्याबरोबर पाहिला होता. तिला हौस आहे असे मला वाटले नाही, आणि असती तरी त्यात गैर काय? चारचौघांत मोकळे हसता यावे ही गरज मी औषधाच्या गरजेपेक्षा कमी मानत नाही. मी तिला विचारले, 'बाळ, तार दिसली तर तुला लाज वाटेल का?' ती म्हणाली, 'आमच्या वर्गात चौघींना आहे, काका. मला तार चालेल. मला तर कुणी विचारलंच नाही.' बापाला वाटत होते, तार लावलेली मुलगी पाहुण्यांना कशी दाखवायची. दोघांनी गाडीत बसेपर्यंत यावर एकमेकांशी शब्दही काढला नव्हता.

मी काही निर्णय दिला नाही, तो माझा प्रांत नव्हे. ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे याच विषयात एम.डी.एस. केलेल्या तज्ज्ञाकडे आधी तपासून घ्या आणि तोवर सही करू नका, एवढे सांगितले. त्यांनी दातांचे एक्स-रे काढले. दाढांपुढचे चार दात काढून तार लावावी लागेल, अलाइनरने हे काम लांबेल, असे स्पष्ट सांगितले. खर्च ४२ हजार, तोही दर भेटीला थोडा थोडा. बाग शाबूत आहे. तार लागली आहे. पुढचे स्थळ कधी येईल ते दंतशास्त्रात बसत नाही.

कर्जाचे म्हणाल तर एक लक्षात घ्यावे. उपचार करतो दवाखाना किंवा कंपनी, कर्ज देते वित्तसंस्था. दोन्ही वेगळे. उपचार अर्धवट राहिला तरी हप्ता आपोआप थांबत नाही. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी २०१४ साली निघाली. घरीच माप घ्या, टपालाने पाठवा, साचे घरपोच येतील, दवाखान्यात जायला नको, असा तिचा खाक्या. भाव नेहमीच्या उपचारापेक्षा पुष्कळ कमी, म्हणून लाखो लोक गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरात कारभार गुंडाळला. अर्ध्या वाटेवरच्या पेशंटांना सांगण्यात आले की आता कंपनीकडून मदत मिळणार नाही, स्थानिक दंतवैद्याला भेटा. मात्र ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांनी ते भरत राहावेत! ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच पद्धतीच्या 'बाइट' साच्यांची विक्रीही तिच्या मालक कंपनीने थांबवली. घरी माप घेण्यातला धोका कंपनी बुडण्यापुरता नाही. एक्स-रे न काढता, हिरड्या न पाहता दात हलवणे म्हणजे पाया न पाहता भिंत सरकवणे. आपल्याकडे असा घरपोच व्यवहार कोणी देऊ केला तर दाराबाहेरूनच नमस्कार करावा. आणि आरोग्य विम्यावर भरवसा ठेवू नये. बहुतेक पॉलिसींत दात सरळ करण्याचा खर्च बसत नाही.

हिरड्यांचा विषय निघालाच आहे तर चाळिशीपुढच्या वाचकांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. लहानपणापासून सरळ असलेले पुढचे दात आता पंख्यासारखे पसरू लागले, मधे फटी पडू लागल्या, तर तो वेडेवाकडेपणा समजू नये. तो बहुधा पायोरिया असतो. दाताखालचे हाड खचलेले असते. आपल्याकडे तंबाखू, मशेरी, गुटखा यांनी हिरड्यांची वाट लागते आणि आटोक्यात नसलेला मधुमेह त्यात भर घालतो. अशा दातांवर साचे चढवले तर राहिलेले हाडही जाण्याची भीती. आधी रक्तातली साखर तपासा, हिरड्यांचा उपचार करा, तंबाखू सोडा. मग दंतवैद्य म्हणतील तर दात सरळ करा. साखरेची तपासणी शंभर-दीडशे रुपयांत होते.

आणि मुलांच्या बाबतीत सर्वात मोठी बचत उपचाराच्या कितीतरी आधी होते. 'दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत' हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायच्या असतात. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा त्या राखून ठेवतात. किडल्या म्हणून सहाव्या वर्षीच काढल्या की मागची दाढ त्या जागेत पुढे कलते. मग पक्का दात यायच्या वेळी त्याला जागाच नाही. तो वर चढतो किंवा आडवा येतो. त्या आईबापांच्या हातात पुढे लाखाचे बिल पडते. काढलेल्या दाढेची जागा राखणारी एक साधी पट्टी बसवता येते, तिला थोडे पैसे पडतात. आणखी एक गंमत अशी की सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती पक्की असते. ती येताना दुधाचा कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच समजून लोक किडू देतात. तुमचा मुलगा पहिलीत असेल तर आज रात्री बॅटरी घेऊन बघा.

अंगठा चोखणे चार वर्षांनंतरही सुटत नसेल, मूल तोंड उघडे टाकून झोपत असेल, घोरत असेल, तर नाकामागच्या गाठी तपासून घ्याव्यात. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचा वरचा जबडा अरुंद होत जातो. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाताच्या तज्ज्ञांना दाखवावे, असे ऑर्थोडॉन्टिस्ट मंडळीच सांगतात. जबडा वाढत असतो तेव्हा त्याला वळण लावता येते. वाढ संपल्यावर साच्यांनी दात हलतात, जबडा हलत नाही.

ज्यांना खासगीतली तारही परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या जालन्याहून ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई आणि नागपूरलाही अशी जुनी शासकीय महाविद्यालये आहेत. तिथे एम.डी.एस. करणारे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारेचा उपचार करतात, खर्च खासगीच्या मानाने फारच थोडा. गैरसोयी आहेत: रांग असते, नंबर लागायला वेळ जातो, महिन्याला एक फेरी धरली तर दोन वर्षांत चोवीस फेऱ्या होतात. शाळा बुडते, बापाचा रोज बुडतो, तोही खर्चात धरा. मात्र बायकांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे, तेव्हा मुलीबरोबर आईने गेलेले फायद्याचे.

एवढे वाचूनही ज्यांनी अलाइनर करून घेतलेच आहेत, त्यांना चहाबद्दल सांगितले पाहिजे. साचा तोंडात ठेवून साखरेचा चहा घेतला की गोड पाणी साच्याखाली अडकून दातांना तासन्‌तास धुपवत राहते, आणि गरम चहाने साचाही वाकू शकतो. काढून प्यावा, चूळ भरून परत घालावा. दिवसाला सुट्टी दोनच तासांची. त्यात दोन जेवणे, नाष्टा आणि प्रत्येक ओळखीच्या दुकानातला कट चहा कसा बसवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. साचा गरम पाण्याने धुऊ नये. नवा साचा सुरू केला तरी आधीचा फेकू नये, नवा हरवला तर डॉक्टरांना विचारून तो घालता येतो. आणि तो हरवतो, बहुतेक वेळा लग्नात. जेवायला बसताना लोक साचा काढतात, कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवतात, आणि वाढपी ताटाबरोबर तो रुमालही उचलून नेतो. डबी दिलेली असते, ती खिशात ठेवावी.